व्हीटी ते कुर्ला, हार्बरमार्गे : अकरा स्टेशनांच्या प्रकल्प नोंदी

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

काम ठरलं. येत्या ३ फेब्रुवारीला विजेच्या गाडीला शंभर वर्षं होतील. ३ फेब्रुवारी १९२५ ला व्हीटीहून (आजचं सीएसएमटी) कुर्ल्याला देशातली पहिली विजेची गाडी धावली, आणि ती धावली मुंबई लोकलच्या हार्बर मार्गाच्या रुळांवरून. मेन लाइनवरून नाही. घरात हे सांगितलं तर डोंबिवलीच्या आतेभावाने मान्यच केलं नाही. हार्बर म्हणजे सावत्र पोर, तिला पहिला मान कसा मिळेल?

त्या वाटेवरची आजची स्टेशनं: सीएसएमटी, मशीद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी, वडाळा रोड, गुरू तेग बहादूर नगर, चुनाभट्टी, कुर्ला. अकरा. प्रत्येक ठिकाणी उतरायचं, निदान तासभर थांबायचं, चार-पाच गाड्या सोडून द्यायच्या आणि गुण द्यायचे. तक्ता केलाय: जिने, पूल, बाकडी, पाणी, स्वच्छतागृह, छप्पर, पंखे, इंडिकेटर, घोषणा, तिकीट खिडकी. दहा रकाने, प्रत्येकी दहा गुण. शंभरपैकी किती, ते लगेच कळेल.

एक नियम आत्ताच घालून घेतो. बंद पडलेलं, तुटलेलं, गळणारं काही दिसलं तर लिहायचं, पण स्टेशनचं नाव गाळून. आज बंद असलेला पंखा उद्या दुरुस्त होईल, माझी नोंद मात्र तशीच राहील.

१ डिसेंबर, रविवार : सीएसएमटी

सुरुवातीलाच तक्त्याची पंचाईत. या इमारतीला 'छप्पर' या रकान्यात किती गुण द्यायचे? १८७८ ला बांधायला घेतली, १८८८ ला पुरी झाली, वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. २००४ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत. फाटकाच्या खांबांवर एकीकडे सिंह, दुसरीकडे वाघ. सिंह म्हणजे ब्रिटन, वाघ म्हणजे हिंदुस्थान. हे सगळं रस्त्यावरून दिसतं. हार्बरच्या माणसाला यातलं काही लागत नाही. त्याच्या वाट्याला एक आणि दोन नंबरचे फलाट, आणि नजर इंडिकेटरवर.

इंडिकेटरचीही एक भाषा आहे. मेन लाइनला 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा. नवख्याला वाटतं 'एस' म्हणजे स्लो. एका गृहस्थांना आज तसंच वाटलं होतं. त्यांना मुलुंडला जायचं होतं आणि समोर फास्ट कर्जत उभी होती. मी सांगितलं. त्यांनी माझ्याकडे, मग इंडिकेटरकडे पाहिलं आणि खात्री करून घ्यायला तिसऱ्याच माणसाला विचारलं. बरोबर आहे. मुंबईत गाडीची चौकशी दोघांकडे केल्याशिवाय पाय उचलत नाही कोणी.

इथल्या फलाटांचा मोठा गुण तक्त्यात बसतच नाही. शेवटचं स्टेशन असल्याने गाडीतून उतरायचं आणि सरळ चालत बाहेर पडायचं. एकही पायरी नाही. 'जिने' या रकान्यात शून्य लिहायचं की दहा?

७ डिसेंबर, शनिवार : मशीद, सँडहर्स्ट रोड

मशीद हे नाव एका सिनेगॉगवरून पडलं, हे पूर्वी ऐकलं होतं, आज पायी जाऊन पाहिलं. स्टेशनपासून थोड्याच अंतरावर सॅम्युएल स्ट्रीट, तिथे १७९६ साली उभं राहिलेलं शार हारहमीम. बेने इस्रायली मंडळींचं. हे आपलेच कोकणातले मराठी बोलणारे यहुदी, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून 'शनवार तेली'. त्यांच्या प्रार्थनास्थळालाही आजूबाजूचे लोक 'जुनी मशीद' म्हणायचे आणि तेच नाव स्टेशनच्या पाटीवर चढलं. योगायोगाने आज शनिवारच.

स्टेशन चिंचोळं आहे, जागाच तेवढी. बाहेर मांडवीचा घाऊक बाजार: मसाले, सुकामेवा, कागद, दोऱ्या. त्यामुळे इथला प्रवासी रिकाम्या हाताने गाडीत चढत नाही. जिन्यात डोक्यावर पोतं घेतलेला माणूस समोरून आला की आपण भिंतीला लागून उभं राहायचं, तो थांबणार नाही. थांबला तर पुन्हा निघणं त्याला जड जातं. दक्षिणेला जुना कर्नाक पूल २०२२ च्या नोव्हेंबरात पाडला, नव्याचं काम चालू आहे. बाजाराच्या हातगाड्या तोवर लांबचा वळसा घेतायत.

सँडहर्स्ट रोडवर जास्त वेळ गेला. दुमजली स्टेशन: खाली मेन लाइन, वर हार्बर. खालच्या फलाटावर बाकड्यावर बसलो. वरून पनवेल गेली तेव्हा चहाचा कप हातात होता आणि चहावर बारीक वर्तुळं उठली. वरचा मजला ज्या लोखंडी खांबांवर उभा आहे त्यांवर ओतीव अक्षरं आहेत: 'जीआयपीआर' आणि '१९२१'. म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे. रंगाचे इतके थर बसलेत की अक्षरं डोळ्यांपेक्षा बोटांना आधी कळतात. 'आर'च्या पोटात रंग साचून भोक बुजत आलंय.

हे खांब म्हणजे खरं तर आपल्या प्रकल्पाचा पाया. हार्बर आधी, १९१० मध्ये, कुर्ल्याहून रे रोडपर्यंतच आली होती. पुढे व्हीटीपर्यंत न्यायची तर मध्ये वस्ती, रस्ते, मेन लाइन. म्हणून डॉकयार्ड रोड ते सँडहर्स्ट रोड रूळ उचलून वर घेतले. ते पुरं झालं १९२५ मध्ये, आणि त्याच वाटेवर पहिली विजेची गाडी सोडली.

नावांचा गोंधळ: राज्य मंत्रिमंडळाने २०२४ च्या मार्चमध्ये काही स्टेशनांची नावं बदलायचा निर्णय घेतला. त्यात सँडहर्स्ट रोडचं डोंगरी, डॉकयार्ड रोडचं माझगाव, कॉटन ग्रीनचं काळाचौकी. पाट्या अजून जुन्याच आहेत, मी पाटीप्रमाणे लिहितोय.

१५ डिसेंबर, रविवार

काही नाही. मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या कामासाठी गाड्या बंद. वेळापत्रक न बघता निघालो, चूक माझी.

घरी बसून विजेचा हिशेब जुळवला. १९२५ ला सुरू झाली ती १५०० व्होल्टची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज. जवळपास नव्वद वर्षं मुंबईची लोकल डीसीवर चालली. मग टप्प्याटप्प्याने २५ हजार व्होल्टची एसी, म्हणजे उलटसुलट दिशेने वाहणारी वीज आली: पश्चिम रेल्वेवर २०१२ मध्ये, मध्यच्या मेन लाइनवर २०१५ मध्ये, हार्बर सगळ्यांत शेवटी, २०१६ मध्ये. ९ एप्रिल २०१६ च्या रात्री शेवटची डीसी लोकल सुटली, ती कुर्ल्याहून सीएसटीला, म्हणजे त्याच व्हीटीला. पहिली गेली व्हीटीहून कुर्ल्याला, शेवटची आली कुर्ल्याहून व्हीटीला. डीसी जिथून निघाली तिथेच येऊन थांबली. आतेभावाला फोन करून हे ऐकवलं. तो म्हणाला, "म्हणजे नवीन वीज पण तुम्हाला शेवटीच मिळाली."

२१ डिसेंबर, शनिवार : डॉकयार्ड रोड, रे रोड

डॉकयार्ड रोडला उतरलं की बाजूला टेकडीच. भंडारवाड्याची टेकडी, पोटात महापालिकेचा जलाशय, माथ्यावर जोसेफ बाप्टिस्टा उद्यान. 'काका' बाप्टिस्टा हे टिळकांचे होमरूलमधले सोबती. १९२५-२६ मध्ये ते मुंबई महापालिकेचे अध्यक्ष होते. म्हणजे विजेची गाडी खालून गेली त्याच वर्षीचे. उद्यानात चढून गेलो. वरून रूळ, पलीकडे गोदी, क्रेनचे दांडे, आणि मधूनच खेळण्यातल्यासारखी वळण घेणारी लोकल. स्टेशन बघायची सगळ्यांत चांगली जागा स्टेशनाबाहेर आहे, हे तक्त्यात कुठे लिहू?

दोन वाजता पहिली पाळी सुटल्यासारखी गर्दी आली. शिवडीच्या मावशीचे यजमान, आमचे काका, बत्तीस वर्षं शिवडी ते डॉकयार्ड रोड करत होते. गोदीत फिटर. डबा कायम डाव्या हातात, उजवा दांडीला.

रे रोड थोडक्यात. मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचं नाव, १९१० चं स्टेशन, जुन्या दगडी बांधणीचं. काही वर्षं हे हार्बरचं शेवटचं स्टेशन होतं, तो तोरा भिंतींमध्ये अजून आहे, गर्दीत मात्र नाही. बाहेर दारूखान्याकडे जाणारे भंगाराचे ट्रक, नव्या पुलाचं काम. फलाटावर शांतता. दोन गाड्यांच्या मधल्या वेळात कबुतराच्या पंखांचा आवाज ऐकू आला. हार्बरवर हे लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

२२ डिसेंबर, रविवार

तक्ता बघितला. पाच स्टेशनांना ६१, ५४, ५८, ६३, ६०. काय अर्थ आहे याला? पंखे सहा, घोषणा सात. हे आकडे मी फलाटावर उभ्या असलेल्या माणसासाठी देतोय, आणि फलाटावर उभं राहायला कोणी येत नाही. लोक येतात ते जाण्यासाठी.

तक्ता बाजूला ठेवलाय. फेकला नाही.

२८ डिसेंबर, शनिवार : कॉटन ग्रीन, शिवडी

कॉटन ग्रीनला 'ग्रीन' म्हणजे मैदान. कापसाच्या गासड्यांचा बाजार आधी फोर्टात, मग कुलाब्याला, मग इथे आला. स्टेशनाच्या बाजूला कॉटन एक्स्चेंजची मोठी इमारत आहे. गिरण्या गेल्या, कापूस गेला. पश्चिमेला काळाचौकी, अभ्युदयनगर, तिकडून माणसं येतात. पूर्वेला गोदामं, तिकडून ट्रक.

शिवडीला मात्र बरंच काही झालं. मावशी बीडीडी चाळीत राहते. वय ७१, उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन गेल्या वर्षी झालं. स्टेशनांवर लिहितोय म्हटल्यावर तिने विचारलं, "पगार मिळतो का त्याचा?" नाही म्हटल्यावर चप्पल घालून बरोबर निघाली.

पूर्वेकडच्या बाजूला दुर्बिणी गळ्यात अडकवलेली मुलं भेटली, फ्लेमिंगो बघायला जेट्टीकडे निघालेली. त्याच चिखलावरून आता अटल सेतू गेलाय, २१.८ किलोमीटर, जानेवारीत वर्ष होईल. मावशी म्हणाली, "आम्ही यांना रोहित म्हणायचो. बघायला कोणी यायचं नाही. चिखलाचा वास यायचा म्हणून नाक दाबून जायचे लोक."

मग जिना. तिची चढायची पद्धत आज पहिल्यांदा नीट पाहिली. डावा पाय वर, उजवा त्याच्या शेजारी, मग परत डावा. हात कठड्यावर, पण धरून नाही, सरकवत. वर पोचल्यावर थांबली नाही, म्हणाली, "चढताना दम लागतो, त्याचं काही नाही. उतरताना भीती वाटते." खरंच, उतरताना ती वेगळीच बाई झाली. आधी खाली बघितलं, मग मागे वळून गाडीची माणसं आली का बघितलं. "गाडी आली की मी बाजूला उभी राहते. हे लोंढे जाऊ देते. मग उतरते." आणि पुढची गाडी आली तर? "मग परत उभी."

माझा शंभर गुणांचा तक्ता आणि तिचं हे एक वाक्य.

नवीन तक्ता, तीनच रकाने: कठडा, गाडी रिकामी झाल्यावर जिना किती वेळ तुंबतो, फलाट आणि डब्याच्या पायदानातली फट.

११ जानेवारी २०२५, शनिवार : वडाळा रोड, गुरू तेग बहादूर नगर

वडाळ्याला हार्बरला फाटा फुटतो. एक वाट कुर्ल्यावरून पनवेलकडे, दुसरी किंग्ज सर्कल, माहीम, अंधेरीवरून गोरेगावकडे. त्यामुळे इथे उभे असलेले लोक शांत नसतात. अर्धे एका गाडीची वाट बघतात, अर्धे दुसरीची, आणि गाडी येताना दिसली की सगळेच माना उंचावतात. 'गोरेगाव' ऐकलं की निम्मे पुन्हा मोबाइलमध्ये. घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज इथे जितका मन लावून ऐकतात तितका या मार्गावर क्वचितच कुठे ऐकत असतील.

मावशी आज विठ्ठलाच्या निमित्ताने आली होती. वडाळ्याचं विठ्ठल मंदिर, आषाढीला इथे रांग रस्त्याच्या टोकापर्यंत जाते. आज एकादशी नव्हती, पाच मिनिटांत दर्शन. ती म्हणाली, "देव लवकर भेटला, आता तुझं स्टेशन बघू."

गुरू तेग बहादूर नगरला जुनी माणसं अजून कोळीवाडाच म्हणतात. फाळणीनंतर निर्वासित पंजाबी कुटुंबं इथे वसली, त्यांच्या हॉटेलांतून 'कोळीवाडा' नावाची तळलेली कोळंबी देशभर गेली. नाव कोळ्यांचं, हात पंजाब्यांचा, मसाल्यात ओवा. स्टेशनजवळ मोनोरेलही आहे. दोन्ही स्टेशनं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर, पण एकातून दुसऱ्यात जायचं तर खाली रस्त्यावर उतरून पुन्हा चढायचं. मावशीने वर बघितलं आणि म्हणाली, "पुढच्या जन्मी."

त्याच दिवशी, रात्री

यादीतल्याच एका स्टेशनवर आज घडलेलं. नियमाप्रमाणे नाव नाही.

लिफ्टच्या दाराला दोरी बांधलेली, म्हणून जिना. आम्ही उतरत होतो. कठडा चांगला, गोल स्टीलचा, तिच्या उजव्या हाताला. मी दोन पायऱ्या पुढे. फलाट आला म्हणून मी वळलो तर मावशी शेवटून तिसऱ्या पायरीवर थबकलेली. मला आधी वाटलं गुडघा. जवळ गेलो तेव्हा दिसलं, कठडा तिथेच संपत होता आणि खाली अजून दोन पायऱ्या होत्या. कधीतरी फलाटाची कामं झाली असतील, जिना लांबला असेल, कठडा राहिला असेल. टोकाला प्लास्टिकची टोपी बसवलेली, व्यवस्थित. म्हणजे ज्याने बसवला त्याच्या लेखी काम पुरं झालं होतं.

तिचा हात त्या टोपीवर, पाय हवेत जायला तयार नाही. मागून लोक येऊ लागले. मी हात पुढे केला, पण मी डावीकडे होतो आणि तिला आधार उजवीकडे हवा. एवढ्यात कॉलेजातला एक मुलगा तिच्या उजव्या बाजूला आला, काही न बोलता खांदा वाकवून उभा राहिला. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. एक पायरी. दुसरी. मुलगा गाडीत चढूनही गेला. कानात इअरफोन होते, मावशीचं "बाळा, देव बरं करो" त्याला ऐकू गेलं नसणार.

परत जाऊन अंतर हातांनी मोजलं. शेवटच्या आधाराची जागा ते फलाट, माझे साडेतीन हात. स्टेशन मास्तरांकडच्या तक्रार वहीत लिहून आलो. त्यांनी चहा विचारला.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. मावशीकडे तिळगूळ. तिने स्वतःच विषय काढला: "तो कठडा केला का रे?" तीन दिवसांत कसा होईल म्हटलं तर म्हणाली, "तू लिहिलंस ना वहीत?" तिचा वहीवर विश्वास आहे. काका गोदीत वहीतच सगळं लिहायचे.

जुन्या गाड्यांविषयी विचारलं. म्हणाली, डीसीच्या गाडीचा आवाज वेगळा होता. स्टेशनात उभी असताना पोटातून धडधड यायची, मग एकदम थांबायची. "कोणीतरी रडून गप्प झाल्यासारखं." व्होल्ट-बिल्टच्या शंभर टिपणांपेक्षा हे जास्त उपयोगी.

२५ जानेवारी, शनिवार : चुनाभट्टी, कुर्ला

चुनाभट्टी, नावातच चुन्याच्या भट्ट्या. बाजूला स्वदेशी मिल, जमशेदजी टाटांनी १८८६ मध्ये घेतलेली, आता बंद. स्टेशन लहान, सुटसुटीत, फलाट जमिनीलगत, चालत आलात की गाडीत. तीन रकान्यांत या यादीत सीएसएमटीनंतर सगळ्यांत बरं. जुन्या तक्त्यात याला पन्नासही मिळाले नसते.

कुर्ल्याचं एका नोंदीत जमणार नाही. मेन आणि हार्बर इथे भेटतात, शिवाय बाहेर थोडं पुढे लांब पल्ल्याच्या गाड्यांचं टर्मिनस, म्हणजे पुलावर ट्रॉली बॅगा, पेटारे, मिठाईचे बॉक्स आणि ऑफिसची माणसं एकाच लयीत. हार्बरसाठी वर नवा फलाट बांधायचं काम चालू आहे, खांब उभे आहेत. मी एका खांबाजवळ गेलो. ओतीव अक्षरं नाहीत, स्टेन्सिलने रंगवलेला क्रमांक. शंभर वर्षांनी बोटांना काही लागणार नाही. १९२५ ला विजेच्या गाड्यांसाठी कारशेड बांधली तीही कुर्ल्यालाच, आणि ती अजून चालू आहे.

जिना तुंबण्याचा वेळ इथे मोजता आला नाही. तो तुंबलेलाच नव्हता, वाहत होता, पण कधी रिकामाही झाला नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

कठड्याच्या स्टेशनवर पुन्हा जाऊन आलो. टोपी काढलेली आहे. तिथे पांढऱ्या खडूने खूण केलीय आणि फलाटावर एक छोटा नवा खड्डा, त्यात सिमेंट ओलं. काम चालू आहे असं धरतो.

३ फेब्रुवारी, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा. मावशी टॅक्सीने सीएसएमटीला आली, कारण "शंभर वर्षं झाली तर पहिल्यापासून बसायला नको का?" पनवेल लोकल. ती लेडीज डब्यात, मी शेजारच्या जनरलमध्ये, मध्ये जाळी. जाळीतून तिची हिरवी साडी आणि खिडकी दिसत होती.

मशीद. सँडहर्स्ट रोडला चाकांचा आवाज बदलला, लोखंडी पुलावर आलो. खाली मेन लाइनची एक गाडी आमच्याखालून निघून गेली. डॉकयार्ड रोडला टेकडी. मावशीने काकांचं स्टेशन आलं म्हणून जाळीतून मला हात केला. वडाळ्याला अर्धा डबा बदलला.

लेडीज डब्यात काहीतरी हशा चालला होता. कुर्ल्याला उतरल्यावर विचारलं. शेजारच्या बाईला हिने सांगितलं की आज या गाडीला शंभर वर्षं झाली. ती म्हणाली, "मग पेढे कुठायत?" उद्या रथसप्तमी, तिळगूळ अजून चालतो, म्हणून मावशीने पिशवीतला डबा काढला आणि सगळ्या डब्याला तिळाच्या वड्या वाटल्या.

एक शिल्लक होती, मला दिली. कडक झालेली.